दोरी सैल, वेग मंद, अट शिथिल

सोलापुरी टॉवेलवरून हात फिरवला की सुताची बारीक वेटोळी बोटांना लागतात. अंगावरचे पाणी टिपतात ती हीच वेटोळी. मागावरचे काही सूत मुद्दाम ढिले ठेवलेले असते, म्हणून ती तयार होतात. अशा मागाला उभ्या सुताचे दोन बीम लागतात. एका बीमवरचे सूत ताठ असते आणि कापडाचा पाया ते धरते. दुसऱ्या बीमवरचे सूत सैल सुटते. आडवे दोन धागे विणलेल्या कापडापासून थोड्या अंतरावर राखून ठेवतात आणि तिसरा धागा आला की फणी तिन्ही धागे एकदम पुढे ठोकते. ठोक बसला तरी ताठ सूत जागचे हलत नाही. सैल सूत मात्र आडव्या धाग्यांबरोबर पुढे ढकलले जाते आणि त्याची जास्तीची लांबी वेटोळी होऊन वर उभी राहते. सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. त्यातल्या टॉवेलचा सगळा गुण या नेमक्या ढिलेपणात आहे.

इंग्रजीत या ढिल्या सुताला ‘स्लॅक’ म्हणतात आणि त्याच विशेषणावरून ‘स्लॅकन’ हे क्रियापद बनले आहे. शाळेच्या दप्तरातला छोटा कोश उघडला तर त्यापुढे बहुधा दोन अर्थ सापडतात: सैल होणे किंवा करणे, आणि मंदावणे. दोन्ही बरोबर आहेत. पण दोरी आणि वेग यांना इंग्रजीने एकाच क्रियापदात का बांधले आणि मराठी ते वेगळे का ठेवते, हे त्या दोन अर्थांवरून कळत नाही. सोलापूर–पुणे महामार्गावरच्या मोहोळसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. इथे एका बाजूला डाळिंबाच्या बागा, दुसऱ्या बाजूला सीना नदी, गावाजवळून दौंड–सोलापूर रेल्वे आणि चावडीवर सरकारी आदेशांच्या प्रती. सैल होणाऱ्या आणि मंदावणाऱ्या इतक्या गोष्टी इथे रोज बोलण्यात येतात की त्या क्रियापदाची पुरती तपासणी होते.

आधी त्याचे कूळ पाहू. जुन्या इंग्रजीतल्या ‘स्लॅक’चा अर्थ मंद, आळशी, निष्काळजी असा होता, म्हणजे माणसाचा स्वभाव आधी आणि दोरीचा ढिलेपणा नंतर. पुढे सोळाव्या शतकात त्याला प्रत्यय लागून ‘स्लॅकन’ झाले. लॅटिनमधला ‘लॅक्सस’ म्हणजे सैल, हा त्याचा दूरचा भाऊ. त्या लॅटिन शाखेतून ‘रिलॅक्स’ आला, फ्रेंचमार्गे ‘रिलीज’ आला आणि औषधाच्या दुकानातला ‘लॅक्झेटिव्ह’ही आला. खुद्द इंग्रजी शाखेत ‘स्लेक’ म्हणजे तहान भागवणे. कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर तो विरतो, त्या विरलेल्या चुन्यालाही इंग्रजी याच ‘स्लेक’वरून नाव देते. जोर कमी होणे ही मूळ कल्पना. दोरीतला जोर गेला की ती सैल, पायातला गेला की चाल मंद, तहानेतला गेला की ती भागली. इंग्रजीने त्या जोराकडे पाहिले, म्हणून एक क्रियापद पुरले.

मराठीकडेही असेच एक घराणे आहे. संस्कृत ‘शिथिल’चे प्राकृतात ‘सढिल’ झाले. हेमचंद्राच्या व्याकरणात ते रूप नोंदलेले आहे. त्यातून आपला ‘सढळ’ आला. सढळ हाताने वाढणे यातला हात मुळात सैल सोडलेला हात. पुढे विद्वानांनी ‘शिथिल’ पुन्हा संस्कृतातून जसाच्या तसा आणला. त्यामुळे आज एकच शब्द मराठीत दोन वेशांत वावरतो: सढळ पंगतीत, शिथिल शासन निर्णयात. ‘ढिला’ देशी वळणाचा. त्याचा सूर बहुतेक वेळा दोष देणारा: ढिला कारभार, ढिला बंदोबस्त. आणि ‘सैल’ दोन्हीकडे जातो. कपडा सैल असला तर आराम, जीभ सैल सुटली तर भांडण.

हा सूर ओळखणे इंग्रजीतही महत्त्वाचे आहे. माणसाला ‘स्लॅक’ म्हटले तर तो ठपका असतो. ‘रिलॅक्स’ त्याच कुळातला असून ती मायेची सूचना आहे. ‘स्लॅकन’ या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभे आहे: त्यात निंदाही नाही, कौतुकही नाही, फक्त घडलेली गोष्ट सांगितलेली असते. दोरीला, लगामाला, पकडीला, चालीला, वाऱ्याला, पावसाला आणि बाजारातल्या मागणीला ते चालते. नियमाला किंवा अटीला इंग्रजी बहुधा ‘रिलॅक्स’ लावते. गाठीला आणि स्क्रूला ‘लूझन’, दुखण्याला ‘ईझ’. वेगाला ‘लूझन’ लागत नाही आणि दोरीला ‘स्लो डाऊन’ लागत नाही. ‘स्लॅकन’ मात्र दोन्हीकडे चालते. मराठी माध्यमातून शिकलेला विद्यार्थी ‘सैल’ हा एकच प्रतिशब्द धरून बसला तर अटीला ‘स्लॅकन’ आणि दोरीला ‘रिलॅक्स’ जोडून मोकळा होतो. व्याकरण चुकत नाही, पण इंग्रजी कानाला ते वाक्य खटकते. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. एवढ्या वर्षांच्या शिकवणीत शब्दार्थाची यादी पाठ होते. कोणत्या नामाशी कोणते क्रियापद बसते हे मात्र क्वचितच शिकवले जाते.

आणखी एक अडचण रचनेची. ‘स्लॅकन’ सकर्मक आणि अकर्मक दोन्ही आहे, आणि रूप तेच राहते. दोरी आपोआप सैल झाली काय किंवा कुणी केली काय, इंग्रजी क्रियापद बदलत नाही. मराठीत ‘सैल होणे’ आणि ‘सैल करणे’ असा भेद करावाच लागतो. ‘वेग मंदावला’ म्हणताना तो कुणी कमी केला हे झाकले जाते. ‘ड्रायव्हरने वेग कमी केला’ म्हटले की कर्ता पुढे येतो. इंग्रजी वाचताना कर्ता कोण हे वाक्याच्या ठेवणीवरून शोधावे लागते, आणि मराठीत लिहिताना ते ठरवूनच लिहावे लागते.

पण या क्रियापदाचा खरा गाभा तिसरीकडेच आहे. ‘स्लॅकन’ म्हणजे सुटणे नव्हे. सैल झालेली दोरी अजून बांधलेली असते, मंदावलेली गाडी अजून चालत असते, टॉवेलचे ढिले सूत अजून बीमला जोडलेले असते. पकड उरते, फक्त कमी होते. किती कमी, हे क्रियापद सांगत नाही. आणि या ‘किती’च्या बाबतीत मोहोळ परिसरातली बोली इंग्रजीपेक्षा कितीतरी नेमकी आहे.

पतंगाचे पाहा. ‘ढील दे’ म्हणजे मांजा सोड, पण रीळ हातात ठेव. काटाकाटीत कुणी खेचून काटतो, कुणी ढील देऊन. दोघांच्याही हातात मांजा असतोच. म्हणून ढील ही नेहमी कुणीतरी दिलेली असते, आणि देणारा ती परत घेऊ शकतो. पोराला जास्त ढील दिली असे आई म्हणते तेव्हा दोर अजून आपल्या हातात आहे हे ती गृहीत धरते. कासऱ्याचेही तेच: तो सैल सोडला तरी गाडीवानाच्या मुठीतून जात नाही. मोट चालत होती तेव्हा बैल मागे मागे विहिरीकडे येत, नाडा म्हणजे मोटेचा दोर ढिला पडे आणि मोट खाली उतरे; बैल पुढे निघाले की नाडा पुन्हा ताठ. ढिले पडणे हा तिथे कामाचाच अर्धा भाग होता.

‘सोडणे’ त्याहून वेगळे. बैल सोडले म्हणजे दिवसाचे काम संपले.

डाळिंबाच्या बागेत हा भेद पैशाला भिडतो. मृग, हस्त किंवा आंबे बहार धरायचा म्हणजे आधी बागेला ताण द्यायचा, पाणी तोडायचे. जमीन हलकी असेल तर थोडे दिवस, भारी असेल तर जास्त. पाने पिवळी पडतात, गळतात आणि झाड विश्रांतीला जाते. मग छाटणी, खते, आणि पहिले हलके पाणी देऊन ताण सोडायचा. इथे ‘ताण सोडणे’ याचा अर्थ ताण सैल करणे असा होत नाही. तो त्या दिवशी संपतो आणि त्यापुढे बहाराचे दिवस मोजायला लागतात. डाळिंबावरचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापूरजवळ केगावला आहे, त्यामुळे इंग्रजीतली शेतीविषयक माहितीपत्रके या भागाला नवी नाहीत. त्यांचे मराठी करताना या जागी ‘ताण शिथिल करावा’ असे लिहिले तर शेतकरी हळूहळू, टप्प्याटप्प्याने पाणी वाढवायचे असा अर्थ काढेल, आणि बहाराची सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी धरायची याचाच घोळ होईल. एका क्रियापदाच्या निवडीवर हंगाम अवलंबून असू शकतो, हे इथे अक्षरशः खरे आहे.

पावसाची भाषा तर उलट्या बाजूने चालते. इंग्रजीत पाऊस कमी झाला की तो ‘स्लॅकन’ होतो, म्हणजे सैल पडतो. सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी म्हणतो, पावसाने ताण दिला, पावसाने ओढ दिली. पाऊस थांबला की ओढाताण शेताची आणि माणसाची होते, म्हणून शब्द खेचण्याचा. कोरडवाहू मुलखाला पाऊस कमी होण्यात सैलपणा दिसणे शक्यच नव्हते. तोच पाऊस नको इतका झाला की मग ‘उघडीप दिली’. देण्याचे क्रियापद दोन्हीकडे आहे, पण एकदा ताण दिला आणि एकदा उघडीप. 2025 च्या सप्टेंबरात सीना नदीला मोठा पूर आला, मोहोळ तालुक्यात लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्गावरची वाहतूक बंद पडली. त्या दिवसांत सगळे विचारत होते, पाणी ओसरले का. ओसरणे म्हणजे हळूहळू मागे हटणे: पूर, गर्दी, उत्साह, ताप. वारा मात्र ओसरत नाही, तो पडतो. भाव उतरतो, राग उतरतो. तणाव निवळतो, गढूळ पाणी निवळते. विहिरीचा झरा रोडावतो, बाजार थंडावतो, चळवळही थंडावते. इंग्रजी ‘स्लॅकन’ यांपैकी निम्म्याहून जास्त जागी बसेल. मराठी मात्र प्रत्येक वस्तूला तिच्या कमी होण्याची रीत विचारते आणि तसे क्रियापद देते. यात शब्दांची उधळपट्टी नाही. पूर ओसरला आणि वारा पडला या दोन वाक्यांत पुढे काय करायचे याची सूचना वेगवेगळी आहे: एकात अजून थांबा, दुसऱ्यात आता उफणणी होणार नाही.

रेल्वेने स्वतःची शब्दसंपत्ती आणली. जी.आय.पी. रेल्वेची गाडी 1860 मध्ये सोलापूरला पोचली आणि तिच्याबरोबर इंग्रज कर्मचाऱ्यांची बोली आली. रुळांची दुरुस्ती चालू असताना गाडीच्या वेगावर जी तात्पुरती मर्यादा घालतात तिला ब्रिटनमधले रेल्वेवाले ‘स्लॅक’ असेच म्हणत. भारतीय रेल्वेत मात्र रूढ झाला तो ‘कॉशन’. इथे कॉशन आहे म्हटले की गाडी का हळू झाली हे डब्यातल्या जुन्या प्रवाशालाही कळते. भिगवण ते मोहोळ या टप्प्यात दुसरा मार्ग टाकण्याचे काम अलीकडच्या वर्षांतले, आणि अशा कामांच्या काळात हे कॉशन नित्याचे. मोहोळची बोली तिथे ‘मंदावली’ म्हणत नाही, ‘गाडी हळू झाली’ म्हणते. मंदावणे हे वर्तमानपत्राचे क्रियापद आहे.

वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर तर मंदावणे आणि मंदी यांची सरमिसळ कायमची झाली आहे. 2019–20 या वर्षात देशाची वाढ मंदावली, पण वाढ होत होती. 2020 च्या एप्रिल ते सप्टेंबर या दोन तिमाहींत अर्थव्यवस्था खरोखर आकसली. पहिल्या गोष्टीला इंग्रजी ‘स्लॅकन’ लावेल, दुसरीला कधीच लावणार नाही. मराठीत दोन्ही ‘मंदी’. वाचकाला भीती किती बाळगावी हे कळायचे असेल तर वाढ मंदावणे आणि उत्पन्न घटणे हे वेगळे लिहिलेच पाहिजे, आणि त्यासाठी नवे शब्द घडवायची गरजही नाही.

आता ‘शिथिल’. भाषा संचालनालय 1960 मध्ये स्थापन झाले, 1964 मध्ये राजभाषा अधिनियम आला आणि इंग्रजी कारभार मराठीत आणायचे मोठे काम सुरू झाले. त्या पिढीने केलेले काम आदरानेच पाहावे लागते. पदनामांपासून वाक्प्रयोगांपर्यंत सगळे उभे करायचे होते. ‘रिलॅक्स’ आणि त्याच्या भावंडांसाठी ‘शिथिल’ पक्का झाला आणि पुढे त्याला ‘शिथिलता’, ‘शिथिलीकरण’, ‘शिथिलक्षम’ अशी पिल्ले झाली. स्पर्धा परीक्षेची जाहिरात वाचणाऱ्या मोहोळच्या तरुणाला ‘वयोमर्यादा शिथिलक्षम’ हे शब्द पाठ असतात, आणि बोलताना तो सरळ ‘एज रिलॅक्सेशन’ म्हणतो.

31 ऑक्टोबर 2018 रोजी राज्य शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सोलापूर जिल्ह्यातले बहुतेक तालुके त्यात होते. अशा वेळी ज्या सवलती जाहीर होतात त्यांची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. जमीन महसुलात सूट. कर्जवसुलीला स्थगिती. परीक्षा शुल्कात माफी. रोजगार हमीच्या कामांच्या निकषांत काही प्रमाणात शिथिलता. इंग्रजीत या सगळ्याला एका शब्दात ‘रिलीफ’ म्हणून भागते. मराठी चार शब्द वापरते आणि चारही वेगळे हिशेब सांगतात. सूट म्हणजे काही भाग गेला, बाकी भरायचा. माफी म्हणजे सगळे गेले. स्थगिती म्हणजे एक पैसाही गेला नाही, फक्त तारीख पुढे गेली. हे ज्याला कळले नाही तो पुढच्या वर्षी अडचणीत येतो. आणि शिथिलता? नियम जागेवर आहे, त्याचे माप उतरले आहे. किती उतरले? ‘काही प्रमाणात’. पहिल्या तीन शब्दांवरून शेतकरी आपला हिशेब मांडू शकतो. चौथ्यावरून मजुराला काहीच मांडता येत नाही, त्याला कचेरीत जाऊन विचारावे लागते.

दोष शब्दाचा नाही, आकडा न देण्याचा आहे, हे दुसऱ्या एका निर्णयावरून दिसते. सरकारी नोकरीसाठी कमाल वयोमर्यादा 2016 पासून खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षे आहे. कोरोनाच्या काळात भरती रखडली आणि अनेकांचे वय उलटले. 3 मार्च 2023 च्या शासन निर्णयाने त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत निघणाऱ्या जाहिरातींसाठी दोन वर्षांची शिथिलता दिली. शब्द तोच, पण किती आणि कधीपर्यंत हे दोन्ही लिहिलेले. वाचणाऱ्याला आपले वय मोजून लगेच उत्तर मिळाले.

कोरोनातल्या निर्बंधांना मराठी बातम्यांनी ‘शिथिल’ हाच शब्द लावला, पण त्या व्यवस्थेचे वर्णन ‘ढील’ने जास्त नेमके झाले असते. 4 जून 2021 च्या आदेशाने राज्याचे पाच स्तर केले. बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटा किती भरल्या आहेत यावर जिल्ह्याचा किंवा शहराचा स्तर ठरायचा आणि आढावा दर आठवड्याला व्हायचा. आकडे वाढले की स्तर बदलणार आणि दोर पुन्हा खेचला जाणार. सवलत कायमची नाही, परत घेतली जाऊ शकते, हा अर्थ ‘शिथिल’मध्ये नाही. पतंग उडवणाऱ्या पोराच्या शब्दात तो आहे. सरकारी भाषेने बोलीतला शब्द हलका म्हणून नाकारला की असा अर्थ हातचा जातो, आणि हे नुकसान फार मोठे आहे.

‘शिथिल’ची खरी शोभा दिसते ती योगात. पतंजलीने आसनाबद्दल सांगताना प्रयत्नशैथिल्य हा शब्द वापरला आहे: आसन मोडायचे नाही, त्यातला प्रयत्न सैल करायचा. पकड राहते आणि जोर कमी होतो. ‘स्लॅकन’चा गाभा इतक्या थोडक्या अक्षरांत दुसरीकडे सापडणार नाही.

कोशांकडे वळले तर चित्र असे दिसते. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला आणि 1857 मध्ये वाढवून पुन्हा छापला गेला. उलट्या दिशेचा, इंग्रजी–मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने 1847 मध्ये पुरा केला. दाते–कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 पासून खंडाखंडाने आला. मराठी शब्दाचे अर्थ, छटा, वाक्प्रचार यांची नोंद या परंपरेत भरभरून झाली. इंग्रजी शब्दासाठी मात्र विद्यार्थ्याच्या हातात आजही प्रतिशब्दांची रांग असते. ‘स्लॅकन’ची नोंद वस्तूप्रमाणे लावली तर अर्धे पान पुरेल: दोरीसाठी सैल किंवा ढिली पडणे, चालीसाठी मंदावणे, पुरासाठी ओसरणे, वाऱ्यासाठी मंदावणे आणि अगदी थांबला तर पडणे, मागणीसाठी थंडावणे, वाढीसाठी मंदावणे, आणि अटीसाठी हे क्रियापद टाळून ‘रिलॅक्स’ वापरावे ही सूचना. अशा काहीशे क्रियापदांच्या नोंदी सोलापूरच्या मागवाल्यांकडून, बागाईतदारांकडून, रेल्वेच्या कामगारांकडून विचारून भरता येतील. विद्यापीठ केगावलाच आहे आणि शब्द जाणणारी माणसे आसपासच्या गावांत आहेत. पॉवरलूम बंद पडत आहेत, मोट चालवलेले हात फार थोडे उरले आहेत. त्यामुळे हे काम ज्या वर्षी सुरू होईल त्या वर्षीपासून नाडा, बीम, फणी यांच्या नोंदी आधी घ्याव्या लागतील आणि डाळिंब, भरती, महामार्ग यांच्या नंतर घेतल्या तरी चालतील.